न सुटणारं बाड

एका गावात एक बांधणीकार होता. गावाचं नाव विचारू नका. सांगितलं तर तिथली माणसं अजूनही भांडायला येतात. या गोष्टीतल्या माणसांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. एका हत्तीचं आणि एका गाढवाचं तेवढं राहिलं. असं का, ते गोष्ट संपेपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

त्या गावाची एक रीत होती. माणूस पिकल्या वयाचा झाला की आयुष्यात जे एक काम त्याला नीट जमलं असेल, ते तो एका पातळशा चोपडीत लिहून गावच्या पुस्तकघराला देई. कुणी लिहिलं, पिसाळलेला वळू कसा आवरावा. कुणी लिहिलं, उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करावं. एका सुनेनं 'सासूशी कसं बोलावं' ही चोपडी लिहिली, तर तिच्या सासूनं महिन्याभरात 'सुनेशी बोलूच नये' ही लिहून दिली. आता असल्या पातळ चोपड्या फळीवर उभ्या राहत नाहीत, एकेकट्या हरवतात, फाटतात, कुणी त्यांच्यावर पापड वाळत घालतं. म्हणून गावानं त्या सगळ्या एकाच दोऱ्यात शिवून एक जाडजूड बाड केलं होतं. गावावर काही बाका प्रसंग आला की माणसं आधी देवाला हात जोडायची आणि मग बाड उघडायची. कधी कधी उलटंही.

बाड दिसायला मात्र बेंगरूळ. कुठली चोपडी लांब, कुठली बुटकी, त्यामुळे त्याची कड म्हाताऱ्याच्या दातांसारखी वरखाली. शिवाय रोजच्या वापरानं पानं फाटलेली, शिवण सैल झालेली.

पुस्तकघर एक मावशी सांभाळायची. सगळे तिला पुस्तकमावशी म्हणत. ती एक दिवस बांधणीकाराच्या ओट्यावर आली.

बांधणीकार मोठा कसबी, यात शंका नाही. पण त्याच्या कसबापेक्षा त्याची मिशी मोठी होती, आणि मिशीपेक्षा त्याचं तोंड. मिशीला तो कागद चिकटवायची स्वतःच्या हातची खळ लावून पीळ द्यायचा. ती इतकी ताठ असायची की त्याची बायको एका टोकाला खुंटीवर टांगावी तशी किल्ली अडकवून ठेवी.

"बाबा, बाडाची डागडुजी करायची आहे," मावशी म्हणाली.

बांधणीकार ओट्यावरून हललासुद्धा नाही. "चोपड्यांना ठिगळं लावायची? मावशी, ही कामं शिकाऊ माणसांची. मी राजाच्या पोथ्या बांधणारा माणूस."

"खरंच की. तुला कसं सांगू हे काम! तुझ्या आधीचे ते बांधणीकार होते ना, त्यांचा हात काय हलका होता! त्यांच्यासारखा हात पुन्हा व्हायचा नाही."

बांधणीकार ताडकन उठला. "कोण? ते? आणा ते बाड इकडे!"

घरी नेऊन त्यानं बाड उघडलं आणि पोट धरून हसला. आधीच्या बांधणीकारांनी फाटल्या जागी झिरझिरीत कागदाची ठिगळं लावली होती, तीही नुसत्या तांदळाच्या खळीनं. ओलं बोट लावलं की ठिगळ अलगद सुटून हातात येई, खालचं अक्षर जसंच्या तसं.

"याला काय दुरुस्ती म्हणायचं?" तो बायकोला म्हणाला. "थुंकी लावून चिकटवलंय की काय! बघ, सकाळी बसलो आणि जेवायच्या आत अख्खं बाड सुटं केलं. एक अक्षर दुखावलं नाही. मी बांधेन ते ब्रह्मदेवाला सुटणार नाही."

आता त्याची खळ ऐका. किल्ल्याच्या भिंती ज्या चुन्यात बांधतात, त्या चुन्याची कृती त्यानं घेतली. उडदाचं पीठ घातलं, बेलफळाचा गर घातला, हिरड्याचं पाणी घातलं, डिंक घातला, आणि गूळ तर असा घातला की आळीतल्या मुंग्यांनी त्या आठवड्यात दुसरीकडे जाणं सोडलं. ती खळ ढवळताना पळी अडकली. पळी सोडवायला गेलेला चिमटा अडकला. चिमटा ओढायला शेजारी आला, तो पुढे दोन दिवस त्याच घरी जेवला म्हणतात.

पण खळ शिजवण्याआधी त्यानं एक काम केलं होतं. वरखाली कड त्याला बघवेना. म्हणून सगळी पानं लाकडी शिकंज्यात दाबली आणि धारदार सुरीनं समास कापून एका मापाची केली. पानांचे आकडे होते कोपऱ्यात, समासात. ते कातरणांबरोबर गेले, आणि कातरणं गेली चुलीत. त्यांच्यावरच ती खळ शिजली.

मग झाडून-पुसून पानं अंगणात उन्हात घातली. दुपारी वाऱ्याची एक वावटळ आली आणि पानं अंगणभर फुगडी घालून आली. पूर्वी लांबी-रुंदीवरून कळलं असतं, कुठलं पान कुठल्या चोपडीचं. आता सगळी सख्ख्या भावंडांसारखी. बांधणीकारानं क्षणभर डोकं खाजवलं. पण खळ तयार होती, आणि तयार खळ कुणासाठी थांबत नाही. हाताला लागतील तशी पानं त्यानं रचली, जाड ठिगळं ठोकली, दुहेरी दोऱ्यानं करकचून शिवली आणि वर ती खळ ओतली. थोडी खळ आतही झिरपली आणि मधली काही पानं एकमेकांना अशी चिकटली की त्यांची वीट झाली. ते त्याला दिसलं. 'मधलं कोण वाचतंय,' असं मनात म्हणून त्यानं मिशीला पीळ दिला.

बाड चावडीवर आलं तेव्हा गाव बघत राहिलं. कडा अशा सरळ की बाड पेटीसारखं आडवं-उभं कसंही राही. गावच्या पैलवानानं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. पैलवानाच्या सदऱ्याची शिवण सुटली, बाडाची नाही.

"मी बांधलेलं सुटलं," बांधणीकार गरजला, "तर ही मिशी याच चावडीवर उतरवीन!"

टाळ्या पडल्या. पुस्तकमावशी म्हणाली, "सुटत नाही ते बघितलं, बाबा. उघडतं का?"

बांधणीकारानं जोर लावून उघडलं. पोपटानं चोच उघडावी एवढं उघडलं.

"नवी वहाण चावतेच, मावशी. होईल सवय."

गावाला सवय झाली. दोघांनी बाड फाकवून धरायचं, तिसऱ्यानं आत डोळा लावून वाचायचं. थोड्या दिवसांनी गावच्या सुगरणकाकूंनी बाडात वाचून मोदक केले. प्रत्येक मोदकाला नाकातून वेसण घातलेली. जेवणारे पाहुणे दोरा दातांतून काढत राहिले.

"काकू, ही वेसण कशाला?"

"बाडात लिहिलंय. 'पाकळ्या नीट जुळल्या की वेसण घालावी, म्हणजे अंगावर येत नाही.'"

पंगतीत बांधणीकारही होता. वळूच्या चोपडीचं पान मोदकांच्या चोपडीत गेलं होतं, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण गाव म्हणत होतं, 'नवी पद्धत असेल,' आणि कुणी अजून मेलं नव्हतं. त्यानं वेसणीसकट मोदक गिळला आणि दुसरा मागून घेतला.

पुढे दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी राजाचा हत्ती गावावरून राजधानीला निघाला. हत्तीचं नाव रूपवंत. माहूत नवीन होता. हत्तीवर बसायला शिकला होता, हत्तीला उठवायला शिकायचं राहिलं होतं. गावाच्या वेशीपाशी शेताकडे जाणारा पाण्याचा पाट दिसला, तसा रूपवंत त्या गार पाण्यात उतरला आणि पाय पसरून बसला. पाट बरोबर त्याच्या मापाचा. बाटलीला बूच बसावं तसा बसला. पाणी अडलं, पाटाबाहेर आलं आणि उतारावरच्या खालच्या आळीकडे वळलं. ती कुंभारांची आळी. घरं मातीची, अंगणात कच्ची मडकी मांडलेली.

गावानं हत्तीला ऊस दाखवला. त्यानं खाल्ला. केळी दाखवली, तीही खाल्ली. माहुतानं अंकुश दाखवला, तेव्हा रूपवंतानं सोंडेत पाणी भरून माहुताला आंघोळ घातली.

"ऊठ बाबा, ऊठ राजा," अख्खं गाव विनवू लागलं. जितकं विनवावं तितका तो पाण्यात खोल रुते.

"बाड आणा!" पाटील ओरडले. "आपल्या गावातले एक पणजोबा राजाच्या हत्तीखान्यात होते. 'बसलेला हत्ती उठवावा कसा' अशी चोपडी त्यांनी लिहिलेली आहे."

बाड आलं. दोघांनी फाकवलं, पाटलांनी आत डोळा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले.

"हत्ती बसला तर घाबरू नये. प्रथम त्याच्या डाव्या कानामागे थोपटावं." माहुतानं थोपटलं. "त्यानं डोळे मिटले की मग त्याला हळूच..." पाटलांनी मोठ्या कष्टानं पान उलटलं, "...ओल्या फडक्यात गुंडाळून वाफेवर ठेवावं. झाकण मध्येच उघडून पाहू नये."

गावानं हत्तीकडे पाहिलं, मग बाडाकडे पाहिलं. पण बाड आजवर कधी खोटं बोललं नव्हतं. घरोघरच्या चादरी आल्या, भिजवून हत्तीवर घातल्या. काठावर चुली मांडल्या, पातेली उकळली, बायकांनी सुपांनी वाफ घातली. रूपवंताला जन्मात असं सुख मिळालं नव्हतं. त्यानं एक लांब सुस्कारा सोडला, त्यात दोन चुली विझल्या, आणि तो चक्क घोरायला लागला. पाणी खालच्या आळीच्या पहिल्या उंबऱ्याला लागलं.

एक कुंभारीण कमरेवर हात ठेवून उभी होती. "पाटील, आमच्या भिंतीपण वाफेवरच ठेवायच्या का? की नुसत्या भिजवल्या तरी चालतील?"

बांधणीकार गर्दीत मागे उभा होता. हत्तीचं पुढचं पान कुठे आहे, ते त्या गावात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. ते मधल्या त्या विटेत होतं; खळ झिरपताना त्यावरचं 'हत्ती' हे अक्षर त्याला दिसलं होतं. आणि वीट फोडायची म्हणजे बाड सोडायचं.

"हत्ती परमुलखातला आहे," तो पुटपुटला, "आपल्या बाडाची भाषा त्याला कळत नसेल." कुणी ऐकलं नाही. कुंभारीण कच्ची मडकी पदरात भरून चढावर नेत होती, आणि दर खेपेला पाणी तिच्या घोट्याच्या थोडं वर दिसत होतं. बांधणीकारानं मिशीवरून हात फिरवला. मिशी ताठ होती. त्याला वाटलं, ही मिशी राखून काय करायचं, उद्या आळीच राहिली नाही तर ती दाखवायची कुणाला?

तो पुढे आला. "पाटील, ते पान हत्तीचं नाही, मोदकांचं आहे. पानं मी चुकीची लावली. खरं पान आत चिकटलंय. बाड सोडावं लागेल."

"पण तू तर म्हणाला होतास, ब्रह्मदेवालाही..."

"ब्रह्मदेवाला नाहीच सुटणार," बांधणीकार म्हणाला. "मला बघू द्या."

सुरी लावली, सुरी वाकली. पाणी लावलं, ते ओघळून गेलं. तेवढ्यात त्याचं लक्ष उकळत्या पातेल्यांकडे गेलं आणि त्याचे डोळे चमकले.

"काकू, तुमचं मोदकपात्र द्या! आणि एक ओलं फडकं. खळीत गूळ आहे, गूळ वाफेचं ऐकतो."

हत्तीला दिलेला सल्ला बाडाला बरोबर लागू पडला. फडक्यात गुंडाळून बाड वाफेवर ठेवलं. सुगरणकाकू शेजारी पळी घेऊन बसल्या आणि कुणालाही झाकण उघडू देईनात. थोड्या वेळानं गुळाचा वास सुटला आणि किल्ल्याची भिंत मऊ पडली.

बांधणीकार हाडाच्या पट्टीनं एकेक पान सोडवू लागला. आणि इथे त्याची खरी परीक्षा झाली. त्यानं लावलेलं जाड ठिगळ जिथे निघे, तिथे ते खालचा कागद घेऊनच निघे. कुठे एक शब्द गेला, कुठे अर्धी ओळ. प्रत्येक वेळी त्याला आपल्याच दंडाचं कातडं निघाल्यासारखं वाटलं. मध्येच काही पानं अशी आली की ज्यांच्यावरची जुनी ठिगळं त्यानं आळसानं बदललीच नव्हती. वाफ लागताच ती पाकळीसारखी गळून पडली, आणि खालचं अक्षर टवटवीत.

तो तसाच थबकला. 'जेवायच्या आत अख्खं बाड सुटं केलं,' असं आपण बायकोला ऐटीत सांगितलं होतं. ते आपलं कसब नव्हतंच. जाणाऱ्यानं दाराची कडी मुद्दाम काढून ठेवली होती, मागून येणाऱ्याला दार फोडावं लागू नये म्हणून. आणि आपण त्याच कडीला हसलो.

"अरे, मिळालं का?" पाटील ओरडले. "पाणी दुसऱ्या उंबऱ्याला लागलं!"

"मिळालं!" पान हातात होतं. पण त्याच्या मधोमध त्याच्याच ठिगळानं भोक पाडलेलं. तो वाचू लागला. "'...जागं करावं. बसलेल्या हत्तीला ऊठ म्हणू नये. जितकं म्हणाल तितका तो बसेल. त्याच्या डोळ्यांदेखत...' इथे शब्द गेलाय... 'ची मोठ्यानं तारीफ करावी.'"

"कुणाची?" माहूत म्हणाला. "राजाची?"

"गणपतीची असेल," काकू म्हणाल्या.

"हत्तीचीच असणार," पाटील म्हणाले. "हत्तीला तेच आवडतं."

बांधणीकारानं त्या भोकाकडे पाहिलं. मग पुस्तकमावशीकडे पाहिलं. त्याला आपला ओटा आठवला, आपण ताडकन उठलो तो दिवस आठवला, आणि गेलेला शब्द त्याला उमगला. त्या गावात तो दुसऱ्या कुणाला उमगणंच शक्य नव्हतं.

"दुसऱ्याची!" तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचीही. कुंभारीणबाई, तुमचं गाढव आणा!"

कुंभारणीच्या गाढवाचं नाव भिक्या. एक कान तुटका, पाठ खरवडलेली. त्याला हत्तीसमोर काठावर उभं केलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि बांधणीकारानं ठणठणीत आवाजात सुरुवात केली.

"वाहवा! काय ती चाल! मिरवणुकीत पुढे चालावं तर भिक्यानंच!"

गावालाही मग चेव आला.

"कान बघा कान! लोकांचे असतात सुपाएवढे, उगाच लोंबणारे. याचा एकच, पण कसा ऐटदार!"

"नाकसुद्धा बेतशीर! नाहीतर काहींचं नाक जमिनीवर लोळतं!"

"आवाज ऐका हो! तुतारीची गरज नाही!" कुंभारीण म्हणाली, आणि भिक्यानंही प्रसंग ओळखून तान घेतली.

रूपवंतानं एक डोळा उघडला. मग दुसरा. त्यानं अंगावरच्या चादरी झटकल्या. 'राजाला सांगू या, अंबारी याच्यावरच ठेवा,' असं कुणीतरी म्हणालं मात्र, रूपवंत धाडकन उभा राहिला. पाटाचं पाणी मोकळं होऊन शेताकडे धावलं आणि खालच्या आळीतलं पाणी ओसरलं. आणि रूपवंत भिक्याच्या पुढे चार पावलं टाकून राजधानीच्या वाटेला असा चालू लागला की माहुताला मागून पळत जाऊन चढावं लागलं. भिक्यानं मात्र त्या दिवसापासून मडकी वाहायची बंद केली. माळ घातल्याशिवाय तो गोठ्यातून बाहेरच येईना.

पुस्तकमावशी हसत होती. बांधणीकार म्हणाला, "मावशी, खरं सांगा. ही चोपडी वाचूनच माझ्या ओट्यावर आला होतात ना?"

"नाही रे बाबा. माझे सासरे असेच होते."

संध्याकाळी चावडीवर न्हाव्याला बोलावणं गेलं. पाटील म्हणाले, "राहू दे. तू नसतास तर आळी गेली असती."

"मी नसतो तर पान सापडलं असतं," बांधणीकार म्हणाला. "बोललोय ते करायचंच. फिरव रे वस्तरा." खळीनं ताठलेल्या त्या मिशीवर न्हाव्याचे दोन वस्तरे बोथट झाले. मिशीखाली त्याला ओठ आहेत हे बायकोलासुद्धा नव्यानं कळलं, असं म्हणतात.

मग त्यानं बाड पुन्हा बांधायला घेतलं. गाव येऊन बसायचं आणि गेलेले शब्द सांगायचं. ज्यानं ज्या ओळीचा आयुष्यात उपयोग केला होता, त्याला ती ओळ पाठ होती. फक्त सासू-सुनेच्या चोपड्यांवर एकमत झालं नाही, ती भोकं तशीच राहिली. हत्तीच्या पानाचं भोकही त्यानं कोऱ्या कागदानंच बुजवलं. म्हणाला, "हा शब्द ज्यानं त्यानं आपला आपण शोधावा." शिवण सैल ठेवली. आता समास उरला नव्हता, म्हणून प्रत्येक पानाला कोऱ्या कागदाची कड लावून नवे आकडे घातले, आणि ती कड ज्या त्या चोपडीच्या जुन्या मापाची ठेवली. बाड पुन्हा म्हाताऱ्याच्या दातांसारखं दिसू लागलं, आणि चौरंगावर ठेवलं की आपोआप उघडू लागलं.

शेवटचं ठिगळ तो लावत होता, झिरझिरीत कागदाचं. वाटीत तांदळाची पातळ खळ होती, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. पुस्तकमावशीनं बोटानं ठिगळ चाचपलं.

"किती हलकं लावलंयस! टिकेल ना रे हे?"

"नाही टिकणार, मावशी," बांधणीकार म्हणाला. "ताण आला की आधी ठिगळ सुटेल. म्हणजे कागद टिकेल."

तात्पर्य: दुरुस्ती अशी करावी की मागून येणाऱ्याला ती न फाडता सोडवता यावी, आपली गाठ सुटली तरी चालेल, आपण जपायला घेतलेलं फाटू नये. (आणि मिशी पणाला लावू नये.)